कोरडा पाइप ओळखताना

डेट्रॉइटच्या भोवतालच्या नोव्हाय, कँटन, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स या उपनगरांत मराठी कुटुंबं बरीच आहेत. घर घेतलं की काही वर्षांत बेसमेंटचा विषय निघतोच. इथल्या हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते, त्यामुळे पाया तेवढाच खोल न्यावा लागतो, आणि खोदलंच आहे तर खाली सबंध एक मजला मिळतो. सुरुवातीला तिथे रिकामी खोकी, सायकली आणि गणपतीच्या मखराचं सामान पडलेलं असतं. मग देशातून आईवडील सहा-सहा महिन्यांसाठी येऊ लागतात, मुलं मोठी होतात, आणि खाली एक खोली आणि एक बाथरूम करायचं ठरतं. माझं काम तिथे सुरू होतं. मी सांगलीकडचा. सिव्हिलचा डिप्लोमा करून पुण्यात बांधकामांवर प्लंबिंगची देखरेख करत होतो. बायको नर्स, तिच्या नोकरीमुळे मिशिगनला आलो आणि इथे पुन्हा पहिल्यापासून उमेदवारी करून परवानाधारक प्लंबर झालो.

बेसमेंटच्या बाथरूमबद्दल लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. कमोड कुठे बसेल, शॉवर केवढा होईल, किती काँक्रीट फोडावं लागेल, खर्च किती येईल. हवेबद्दल कुणी विचारत नाही. हवेची ये-जा करणारा व्हेंट पाइप भिंतीत लपलेला, त्याचं तोंड छपरावर, आणि त्यातून काही वाहताना कधी दिसत नाही. म्हणून तो गौण वाटतो. घरमालक कोपऱ्यातल्या एखाद्या उभ्या पाइपकडे बोट दाखवून म्हणतो, “काका, हा बघा वर जातोयच. यालाच जोडून टाका.”

नवं बेसिन, नवा शॉवर, नवं कमोड जुन्या व्हेंटला जोडणं हे मला या सगळ्या कामातलं सर्वांत जबाबदारीचं काम वाटतं. प्रत्यक्ष जोडायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो पाइप खरोखरच व्हेंट आहे, त्यातून वरून खालपर्यंत फक्त हवाच ये-जा करते, हे पटवून घ्यायला. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅमकचे, पोलिश वंशाचे जुने मास्टर प्लंबर होते. पाइप कापण्याआधी ते विचारायचे, “याच्या डोक्यावर कोण राहतं?” वरच्या मजल्यांवर त्या पाइपला काय काय मिळालेलं आहे, हे सांगता आल्याशिवाय ते करवतीला हात लावू देत नसत.

हवा लागते कशाला, ते आधी सांगतो. बेसिनच्या खाली पाइपला जे वळण, म्हणजे ट्रॅप, असतं त्यात थोडं पाणी कायम साठून राहतं. त्या पाण्याचा अडसर आहे म्हणून गटारातला वायू खोलीत येत नाही. अलेक्झांडर कमिंग या लंडनमधल्या घड्याळजीने १७७५ साली आपल्या कमोडच्या पेटंटमध्ये असा वाकडा पाइप दाखवला, आणि आजही सगळी भिस्त त्या साध्या वळणावर आहे. आपल्याकडच्या न्हाणीघरातला नहाणी ट्रॅप हेच काम करतो. इथल्या नियमानुसार ट्रॅपमधल्या पाण्याची खोली किमान २ आणि कमाल ४ इंच असते. म्हणजे घर आणि गटार यांच्यामधली भिंत इतकीच, बोटभर पाण्याची.

ते पाणी जागेवर राहायचं तर त्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब जवळपास सारखा हवा. वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केलं की पाण्याचा लोंढा उभ्या पाइपमधून खाली येतो. लोंढ्याच्या पुढची हवा दाबली जाते, मागे ओढ निर्माण होते. त्या ओढीला मोकळी हवा मिळाली नाही तर ती जवळच्या ट्रॅपमधून हवा खेचते आणि तिच्याबरोबर ट्रॅपमधलं पाणीही जातं. शॉवरच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो तो याचाच. काही दिवसांनी वास येऊ लागतो. व्हेंट ही ओढ आणि हा दाब छपरावरच्या मोकळ्या हवेत सोडून देतो. दाबातला फरक १ इंच पाण्याच्या उंचीपेक्षा जास्त होऊ नये, असा सगळ्या मोजमापांमागचा हेतू आहे. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत हेच उभे पाइप मागच्या भिंतीवर उघडे दिसतात आणि गच्चीच्या वर जाऊन जाळीची टोपी घालून संपतात. गच्चीवर वाळवणं घातलेल्या प्रत्येकाने ते पाहिलेले आहेत. इथे ते भिंतींच्या आत असतात, एवढाच फरक.

अडसर गेला तर नुसता वास येतो, असं समजू नये. २००३ मध्ये हाँगकाँगच्या ॲमॉय गार्डन्स वसाहतीत ३००हून अधिक रहिवाशांना सार्सची लागण झाली. चौकशीत आढळलं की बाथरूमच्या जमिनीतले ट्रॅप वापराअभावी कोरडे पडले होते आणि बाथरूममधल्या पंख्यांनी मैलापाइपातली दूषित हवा घरांत ओढून घेतली. तिथला मुख्य दोष वापराअभावी कोरड्या पडलेल्या ट्रॅपचा होता. पण ट्रॅप कोरडा पडण्याची जी कारणं आहेत त्यांतलं एक चुकीचा व्हेंट आहे, आणि ते कारण भिंतीत बंद झाल्यावर सहजी सापडत नाही. म्हणून या विषयावर मी घरमालकाशी कधीच घाईत बोलत नाही.

आता ओळख पटवण्याबद्दल. पूर्वीच्या घरांत हे तुलनेने सोपं होतं. मैल्याचा पाइप बिडाचा, व्हेंट बहुधा गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा. आता सगळं पांढऱ्या पीव्हीसीत. एखाद्या बेसमेंटमध्ये उभं राहिलं तर एकसारखे दिसणारे तीन-चार पांढरे पाइप छताकडे जाताना दिसतात. त्यांतला एक नव्या फर्नेसचा, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीचा, धूर बाहेर नेणारा असतो. हल्लीच्या कार्यक्षम फर्नेसमधून निघणारा धूर इतका थंड असतो की त्याला पीव्हीसी चालतं. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. दुसरा पाइप रेडॉनचा. मिशिगनच्या जमिनीतून हा किरणोत्सारी वायू बऱ्याच ठिकाणी वर येतो, म्हणून फरशीच्या खालून ३ किंवा ४ इंची पाइप काढून छपरापर्यंत नेतात आणि त्यावर सतत चालणारा पंखा बसवतात. हा पाइप बेसमेंटपासून सरळ वर जातो, त्याचं तोंड छपरावर उघडतं, त्यात पाणी कधीच नसतं. वर्णन ऐकलं तर अगदी व्हेंटसारखंच. एका घरात आधीच्या कारागिराने कपडे धुण्याच्या टबाचा व्हेंट खरोखरच रेडॉनच्या पाइपला जोडलेला मी पाहिला. पंखा रात्रंदिवस त्या ट्रॅपमधल्या पाण्याला ओढत होता. त्या घरातल्या बाईंनी वास येतो म्हणून टब बदलला, फरशी बदलली, खूप पैसे घातले. खरं कारण डोक्यावर, छताच्या वाशांमध्ये होतं.

पण सर्वांत जास्त फसवतो तो तिसरा पाइप, स्वयंपाकघराचा. मागच्या हिवाळ्यात कँटनमध्ये एका तरुण जोडप्याच्या घरी काम केलं. घर १९६०च्या दशकातलं, दुमजली. मुख्य उभा पाइप बिडाचा, पण आधीच्या मालकाने किचन नवं करताना त्याचा जुना लोखंडी पाइप काढून २ इंची पांढरा घातला होता. तो बेसमेंटच्या मधल्या भिंतीलगत खाली येत होता आणि वर तो सरळ अॅटिकपर्यंत जातो, हे त्या मुलाने स्वतः चढून पाहिलं होतं. त्याचं निरीक्षण बरोबर होतं. पाइप वरपर्यंत जात होता, छपरातून बाहेरही निघत होता. बाथरूमची जागा त्याच्यापासून चार पावलांवर. त्याला वाटलं, नशीब उघडलं.

मी त्या पाइपवर तळवा ठेवून उभा राहिलो आणि वर हाक दिली. मुलीची आई साताऱ्याहून आलेली होती, ती किचनमध्ये होती. म्हटलं, “काकू, सिंकचं गरम पाणी पूर्ण सोडता का?” थोड्या वेळाने हाताखालचा पाइप कोमट झाला, मग चांगलाच गरम. मुलाचा हात धरून तिथे ठेवला. बोलायची गरज उरली नाही. ही खूण मला माझ्या उस्तादांनी शिकवली. वरच्या एकेका नळाचं गरम पाणी सोडायचं आणि खालचे पाइप चाचपत जायचं. ज्यातून पाणी जातं तो तापतो, खरा व्हेंट थंडच राहतो. फ्लशच्या बाबतीत पाणी थंड असतं, तिथे कान लावावा लागतो. माझ्या हत्यारांच्या पेटीत बायकोचा जुना स्टेथोस्कोप आहे, तो बिडाच्या पाइपवर फार उत्तम काम करतो. शंका राहिलीच तर कॅमेरा आत सोडायचा. आणि अॅटिकमध्ये जाऊन वरचं टोक डोळ्यांनी पाहायचंच, कारण छप्पर बदलताना कोणी तो पाइप कापून आतच टोपण मारून ठेवलेलाही मला सापडला आहे.

म्हणजे तो २ इंची पाइप बेसमेंटच्या पातळीवर किचनचा सांडपाण्याचा पाइप होता. सिंकच्या मागे भिंतीत जिथे सिंकचं पाणी त्याला मिळतं, त्या सांध्याच्या वर मात्र तो कोरडा, म्हणजे खरा व्हेंट. एकाच पाइपचे दोन भाग, दोन वेगळी कामं. आमच्या बाथरूमचा व्हेंट त्याला खाली जोडला असता तर किचनमधून भांडी धुतलेलं, तेला-तुपाचं पाणी दर वेळी त्या तोंडासमोरून गेलं असतं. चरबी साठून ते तोंड हळूहळू बंद झालं असतं. खाली कुठे तुंबलं असतं तर मैलापाणी उलट व्हेंटमध्ये चढलं असतं. म्हणून नियम सांगतो की नवा व्हेंट जुन्या व्हेंटला जिथे मिळेल ती जागा, त्या व्हेंटवर अवलंबून असलेल्या सर्वांत वरच्या भांड्याच्या काठापेक्षा किमान ६ इंच उंच हवी. तिथे वरचं भांडं म्हणजे किचनचं सिंक. त्याचा काठ जमिनीपासून ३६ इंचांवर, वर ६ इंच, म्हणजे ४२ इंचांच्या वरच जोड घ्यायचा. बेसमेंटच्या कामासाठी वरच्या मजल्याची भिंत उघडायची, हे ऐकल्यावर मुलाचा चेहरा उतरला.

मुलगी मात्र लगेच म्हणाली, “काका, सिंकच्या मागे कोटांचं कपाट आहे. तिकडून उघडता येईल का?” येत होतं. किचनच्या टाइल्सना हात न लावता कपाटाच्या आतून ड्रायवॉलचा एक चौकोन कापला. शेजारच्याच पोकळीतून नवा व्हेंट वर आणता येणार होता.

मुलाने आणखी एक पर्याय शोधून ठेवला होता, हवा आत घेणारी झडप. १९७०च्या दशकात स्वीडनमध्ये निघालेली ही वस्तू आता दुकानात सहज मिळते. पाइपमध्ये ओढ निर्माण झाली की रबरी चकती उचलली जाते, खोलीतली हवा आत जाते, ओढ थांबली की चकती आपल्या वजनाने बसते. छपरापर्यंत पाइप न्यायला नको. मिशिगनचे नियम काही अटींवर तिला परवानगी देतात: घराचा एक तरी व्हेंट बाहेर उघडलेला हवा, झडप पोहोचता येईल अशा जागी हवी, तिला हवा मिळायला हवी. किचनच्या मधोमध असलेल्या ओट्यावरच्या सिंकला मी स्वतः ती वापरली आहे. तिथे दुसरा सोपा मार्ग नसतो. पण ती हवा फक्त आत घेते. दाब वाढला तर बाहेर सोडू शकत नाही. शिवाय रबर म्हातारं होतं, आणि ज्या दिवशी चकती नीट बसणार नाही त्या दिवसापासून गटाराची हवा थेट शयनगृहात. ज्या घरात खरा व्हेंट एका कपाटाच्या भिंतीमागे उपलब्ध आहे, तिथे हलणारा भाग भिंतीत कोंबणं मला पटत नाही. मी त्याला सांगितलं, “हे बघ, झडप बसवली तर तुझे काही शे डॉलर वाचतील आणि परमिटही मिळेल. पण हे घर माझं असतं तर मी कपाट उघडलं असतं.” त्याने एक रात्र विचार केला आणि कपाट रिकामं करून ठेवलं.

खालचं काम धुळीचं आणि कष्टाचं. फरशी ४ इंचांची. पाण्याची धार सोडत ती पट्ट्यांमध्ये कापायची, पहारीने उचलायची, खालची माती बादल्यांनी वर न्यायची. हिवाळ्यात ती माती बर्फात टाकावी लागते. इथे मी व्हेंटची एक जुनी, पक्की युक्ती वापरतो. बेसिन, शॉवर आणि कमोड या तिघांना तीन वेगळे व्हेंट देण्याऐवजी बेसिनच्या २ इंची पाइपलाच बाकी दोघांचा व्हेंट करायचा. बेसिनचं पाणी थोडं आणि अधूनमधून येतं. पाइपचा वरचा बराच भाग हवेसाठी मोकळा राहतो. त्याच्या पुढे शॉवर मिळतो, आणि सर्वांत शेवटी ३ इंची पाइपमध्ये कमोड. बेसिनचा पाइप मात्र वर कोरडा होऊन छपराकडे जायलाच हवा, आणि या ओळीत बाथरूमबाहेरचं काहीही जोडायचं नाही. कपडे धुण्याचं यंत्र नाही, वरच्या मजल्याचं तर नाहीच.

कोणता पाइप किती भार घेईल याचे जे आकडे आम्ही वापरतो, त्यांचा पाया अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रॉय हंटर यांनी केलेल्या प्रयोगांत आहे. हर्बर्ट हूवर वाणिज्यमंत्री असताना, १९२३ मध्ये, त्यांच्या खात्याने घरगुती प्लंबिंगच्या किमान नियमांची शिफारस प्रसिद्ध केली. त्याआधी गावोगावचे नियम वेगवेगळे, आणि कित्येक ठिकाणी एकेका भांड्याला गरज नसताना पाइपांचं जंगल उभं करायला लावत. हंटर यांनी पाणी सोडून, मोजून दाखवलं. आपल्या हातातलं कोष्टक असं कोणीतरी प्रयोगशाळेत उभं राहून कमावलेलं आहे, हे कळल्यावर मी ते अधिक आदराने वाचू लागलो.

ढाळ एका फुटाला पाव इंच. लोकांना वाटतं, जास्त दिला तर पाणी लवकर जाईल. ट्रॅपपासून व्हेंटपर्यंतच्या तुकड्यात जास्त ढाळ घातक असतो. हा तुकडा आपल्या स्वतःच्या व्यासापेक्षा जास्त खाली उतरता कामा नये. उतरला तर व्हेंटचं तोंड ट्रॅपमधल्या पाण्याच्या पातळीखाली जातं, पाइप पाण्याने पूर्ण भरतो आणि ट्रॅप स्वतःचंच पाणी ओढून नेतो. २ इंची पाइप, फुटाला पाव इंच ढाळ, म्हणजे ८ फुटांत २ इंच. नियमातली ८ फुटांची मर्यादा नेमकी इथून येते. दीड इंची पाइपला ६ फूट, तोच हिशोब. उमेदवारीत मी हे आकडे पाठ करत असे. उस्तादांनी एकदा खडूने जमिनीवर रेघ मारून हा हिशोब दाखवला आणि त्यानंतर पाठ करायची गरज राहिली नाही.

बेसिनच्या भिंतीतून व्हेंट उभा वर येतो. बेसिनच्या काठाच्या ६ इंच वर जाईपर्यंत त्याला आडवं वळवायचं नाही. त्याआधी वळवला आणि खाली कधी तुंबलं तर घाण त्या आडव्या भागात जाऊन बसते, आणि तिला धुऊन काढणारं पाणी तिथे कधीच येत नाही. मग छताच्या वाशांमधून किचनच्या भिंतीकडे. वाशाला भोक पाडताना त्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठं नको, आणि वरच्या-खालच्या कडेपासून २ इंच सोडून हवं. वायुवीजनाच्या पत्र्याच्या वाहिन्या बसवणाऱ्यांनी खालून कापलेले वासे मी पाहिले आहेत. घर हळूहळू वाकतं. व्हेंटच्या आडव्या पाइपलाही ढाळ लागतो, सांडपाण्याच्या पाइपकडे परत येणारा. आत वाफ थंड होऊन थेंब जमतात, पाइप मध्येच झोळला असेल तर तिथे पाणी साठतं आणि हवा अडते. कोरडा पाइप कोरडा राहील याची व्यवस्था अशी करावी लागते.

कपाटातल्या चौकोनात जमिनीपासून ४ फुटांच्या आसपास जोड घेतला. जुन्या व्हेंटमध्ये बसवला तो टी-जोड उलटा, म्हणजे त्याचं वळण वरच्या दिशेने. सांडपाण्याच्या पाइपात ते वळण खाली हवं, पाणी खाली जायचं म्हणून; व्हेंटमध्ये हवा वरच्या दिशेने सहज वळावी म्हणून उलटं. बसवणाऱ्याला हे समजलंय की नाही, हे इन्स्पेक्टर एका नजरेत ओळखतो. जांभळं प्रायमर, सिमेंट, पाव वळसा फिरवून दाबून धरायचं. खाली बिडाच्या जुन्या पाइपात नवा वाय-जोड घेताना मात्र चिकटवण्याचा प्रश्न नाही. तिथे वरून स्टीलचं कवच असलेला रबरी जोड लागतो. कवच नसलेला जोड जमिनीच्या भाराने हलतो आणि पाइप एका रेषेत राहत नाहीत. शेवटी, स्टडच्या, म्हणजे भिंतीतल्या उभ्या लाकडाच्या, कडेजवळून पाइप जात असेल तिथे लोखंडी पट्टी, कारण कपाटात उद्या कोणी खुंटी ठोकणारच.

तपासणीच्या आधी सगळी तोंडं बंद करून पाइपात १० फूट उंचीपर्यंत पाणी भरायचं आणि १५ मिनिटं पातळी हलू द्यायची नाही. इन्स्पेक्टर आला, टॉर्चने पाण्याची पातळी पाहिली, कपाटातला टी-जोड पाहिला, सही केली. नियमाने भिंतीआडच्या पाइपांचं काम तिथे पूर्ण होतं. भांडी बसल्यावर मी माझी एक चाचणी करतो. वरचा टब काठोकाठ भरून सोडायचा, त्याच क्षणी वरचे फ्लश करायचे, किचनचं सिंक रिकामं करायचं, आणि खाली शॉवरच्या जाळीतून टॉर्च टाकून ट्रॅपमधलं पाणी पाहायचं. त्या घरात पाणी जेमतेम थरथरलं आणि स्थिर झालं. गुडगुड नाही. ते तिघंही शॉवरभोवती वाकून उभे होते, काकूंनी विचारलं, “झालं?” म्हटलं, “झालं.”

सगळी घरं इतकी सरळ नसतात. जिथे घरातून बाहेर जाणारा मुख्य पाइप बेसमेंटच्या फरशीपेक्षा उंच असतो, तिथे खड्डा करून त्यात झाकणबंद टाकी आणि मैला वर फेकणारा पंप बसवावा लागतो. अशा एका घरात आधीच्या कंत्राटदाराने टाकीच्या व्हेंटवर तीच हवा आत घेणारी झडप लावली होती. पंप पाणी फेकतो तेव्हा टाकीला हवा आत हवी असते, हे त्याला कळलं होतं. पण टाकी भरते तेव्हा तेवढीच हवा बाहेर जायला हवी, आणि झडप ती जाऊ देत नाही. ती हवा मग शॉवरच्या ट्रॅपमधून बुडबुडे काढत खोलीत यायची. टाकीचा व्हेंट मोकळ्या हवेपर्यंतच न्यावा लागतो. ते काम दुरुस्त करताना पूर्ण झालेली, रंगवलेली भिंत फोडावी लागली, आणि त्या कुटुंबाने एकाच बाथरूमसाठी दोनदा पैसे मोजले. मला त्यांच्याकडून बिल घेताना वाईट वाटलं.

आपल्या लोकांत परमिट टाळण्याकडे कल दिसतो. फी वाचते, इन्स्पेक्टरची वाट पाहावी लागत नाही, कोणीतरी ओळखीतला शनिवार-रविवारी येऊन करून देतो. मी याच्या पूर्ण विरोधात आहे, आणि माझा धंदा चालावा म्हणून नव्हे. मिशिगनमध्ये तुम्ही राहता त्या तुमच्या स्वतःच्या घरात परमिट काढून तुम्हाला स्वतः प्लंबिंग करता येतं. इंजिनिअर मंडळींनी ते उत्तम केलेलंही मी पाहिलं आहे. पण त्या कामाकडे दुसऱ्या जाणत्या माणसाचे डोळे लागले पाहिजेत. व्हेंटच्या कामातली चूक पहिल्या दिवशी दिसत नाही. पाणी जातं, फ्लश होतं, सगळे खूश असतात. महिन्यांनी, कधी वर्षांनी, वास येतो, आणि तोवर भिंतीवर कुटुंबाचे फोटो लागलेले असतात.

तेव्हा बेसमेंट करायला घेतलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. ज्या पाइपला जोडायचं त्याच्यावर हात ठेवून वरचे सगळे नळ गरम पाण्याने एकेक करून चालवून पाहा. तो अॅटिकमध्ये कुठे जातो ते स्वतः पाहा किंवा प्लंबरला फोटो काढून आणायला सांगा. भिंत उघडी असताना प्रत्येक पाइपवर जाड पेनने लिहून ठेवा: किचन, व्हेंट, रेडॉन, फर्नेस. शेजारी टेप धरून फोटो घ्या आणि ते घराच्या कागदपत्रांत ठेवा. पुढे घर घेणाऱ्यालाही ते उपयोगी पडतील. आणि इन्स्पेक्टरची सही झाल्याशिवाय ड्रायवॉलचा एकही तुकडा लावू देऊ नका.